किलोमीटरला एक रुपया, की आठ हजारांचं बिल?

«परभणीत आमचं स्वतःचं घर आहे. मी गंगाखेडला ज्युनियर कॉलेजात शिकवते. रोजचं जाणं-येणं ८० किलोमीटर. गाडी दहा वर्षांची झाली, आता बदलायचीच आहे. पेट्रोलला महिन्याला १३ हजारांच्या वर जातात. शोरूमवाला म्हणतो, इलेक्ट्रिक घ्या, किलोमीटरला एक रुपयासुद्धा पडत नाही. कॉलेजातले एक सर म्हणतात, भानगडीत पडू नका, त्यांच्या साडूला ८ हजारांचं लाइट बिल आलं. माझे सासरे म्हणतात, शेतातल्या मोटारीला वीज फुकट आहे, गाडी तिकडेच नेऊन लावत जा. आमचा घरचा वापर महिन्याला १४० युनिटच्या आसपास असतो. मीटर सासऱ्यांच्या नावावर आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा मुलीला भेटायला छत्रपती संभाजीनगरला जातो. नेमकं कुणाचं खरं धरायचं?»
– एक प्राध्यापिका, परभणी

ताई, नमस्कार.

शोरूमवाल्यानं युनिटचा सगळ्यात खालचा दर धरलाय आणि सरांच्या साडूंना वरचे दर भरावे लागले. खोटं दोघंही बोलत नाहीत. तुमची गाडी या दोघांच्या मध्ये कुठं बसते, ते तुमच्याच बिलावरून काढता येतं. तुम्ही १४० युनिटचा आकडा लिहिलात हे फार बरं केलंत. या विषयावरची निम्मी पत्रं गाडीचं मॉडेल, रंग, सनरूफ सगळं सांगतात आणि घरचं बिल किती ते सांगत नाहीत.

आधी पेट्रोल. परभणीकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरनं येतं, त्या वाहतुकीचा खर्च दरात चढतो आणि मुंबईपेक्षा दोन-तीन रुपये आपल्याला जास्तच पडतात. २०२१ साली राज्यात पेट्रोलनं शंभरी गाठल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा त्यात परभणीचं नाव पुढे होतं. आज लिटरला १०६ रुपये धरू. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून गाडी १६ चं ॲव्हरेज देत असावी. दहा वर्षांच्या गाडीला एसी लावून ते वाईट नाही. म्हणजे गंगाखेडची एक फेरी, जाऊन-येऊन, ५ लिटर, ५३० रुपये. कॉलेज आणि गावातलं फिरणं धरून महिन्याला २,००० किलोमीटर झाले तर १२५ लिटर, १३,२५० रुपये.

आता वीज. पंच किंवा टियागोच्या आकाराची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटला साधारण ८ किलोमीटर जाते असं तिच्या पडद्यावर दिसतं. पण तो हिशोब बॅटरीतून बाहेर पडणाऱ्या विजेचा. भिंतीतल्या सॉकेटमधून बॅटरीत जाताना १०-१५ टक्के वीज उष्णतेत जाते आणि महावितरणचा मीटर ती मोजून घेतो. म्हणून घरच्या मीटरवरच्या एका युनिटला ७ किलोमीटरच धरा. २,००० किलोमीटरला २८५ युनिट.

शोरूमवाला इथं एका युनिटला ६ रुपये लावतो, ८ किलोमीटरनं भागतो, ७५ पैसे काढून दाखवतो आणि पेन तुमच्या हातात देतो. ६ रुपये हा दर खराच आहे, पण तो पहिल्या १०० युनिटांचा. ते १०० युनिट तुमचा फ्रिज, पंखे, मिक्सर आणि टीव्ही गाडी दारात यायच्या आधीच वापरून मोकळे झालेले असतात. तुम्ही पगारदार आहात, इन्कम टॅक्सचे टप्पे तुम्हाला पाठ असतील. विजेचंही तसंच: नव्या कमाईला जसा वरचा दर लागतो, तसा नव्या युनिटालाही वरचाच लागतो. गाडीची सगळी युनिटं घराच्या डोक्यावर जाऊन बसतात.

महावितरणचे घरगुती दर दरवर्षी थोडे हलतात. म्हणून मी वहन आकारासकट, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याच्या खर्चासकट, गोल आकडे घेतो: १०० युनिटपर्यंत ६ रुपये, १०१ ते ३०० ला सव्वाअकरा, ३०१ ते ५०० ला १५, त्यापुढे १७. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. तुमचं घर १४० वर थांबतं. गाडीची पहिली १६० युनिटं सव्वाअकराच्या दरानं, म्हणजे १,८०० रुपये. उरलेली १२५ पंधराच्या दरानं, १,८७५ रुपये. बेरीज ३,६७५, त्यावर शुल्क ५८८. गाडीचा महिन्याचा खर्च ४,२६३ रुपये झाला.

किलोमीटरला २ रुपये १३ पैसे. शोरूमच्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि तरीही पेट्रोलच्या एक तृतीयांश. घराचं सगळं बिल १,२०० वरून साडेपाच हजारांवर जाईल आणि पहिल्यांदा ते हातात घेतल्यावर धस्स होईल, कारण पेट्रोलचे पैसे पाचशे-पाचशे करत खिशातून जायचे आणि हे एकदम एका कागदावर छापून येतात. पण महिन्याला ९ हजार वाचलेले असतील.

सरांच्या साडूंचं बिलही लगेच उलगडतं. त्यांच्या घरात एसी असेल, माणसं जास्त असतील आणि घराचाच वापर ३०० युनिट असेल, तर तुमच्याइतकी गाडी चालवूनही त्यांची सगळीच्या सगळी युनिटं १५ आणि १७ च्या टप्प्यात जातात. गाडीचे ५,१५०, घराचे ३,३००, झाले साडेआठ हजार. यातले ३,३०० ते गाडी घ्यायच्या आधीपासून भरत होते, एवढं सर सांगायचे राहिले. शिवाय साडू पेट्रोल भरत नाहीत आता, तेही राहिलं. तुमच्याकडे उन्हाळ्यात कूलर-एसीमुळे घराचं बिल असंच वाढत असेल. एप्रिलात घरच २८० युनिटांवर गेलं तर गाडीचे सव्वाचार हजार नव्हे, ५ हजार धरा. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी, त्यामुळे सगळ्यात महाग महिन्यात तुमची गाडी बहुधा उभीच असेल.

उन्हाचाच विषय निघाला म्हणून आणखी एक. परभणीच्या ४३-४४ अंशांत गाडीचा एसी तासाला एक ते दीड युनिट खातो. तुमची फेरी दीड तासाची, तेव्हा साडेअकरा युनिटांच्या जागी तेरा-साडेतेरा लागतील. पेट्रोल गाडीचं ॲव्हरेजही त्या दिवसांत पडतंच, पण ते पडद्यावर टक्क्यांत दिसत नाही, म्हणून कुणी बोलत नाही.

आता किमतीकडे या, कारण वाचलेले ९ हजार फुकट मिळत नाहीत. त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा इलेक्ट्रिक गाडी ऑन-रोड ३ ते साडेतीन लाखांनी महाग पडते असं धरून चला. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाडीला रोड टॅक्स माफ आहे आणि जीएसटी ५ टक्के, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि हा फरक पुन्हा थोडा रुंदावला. त्याआधीच्या एखाद्या व्हिडिओतला तक्ता पाहून ठरवत असाल तर तो बाजूला ठेवा. दोन्ही गाड्यांची आजची कोटेशनं घ्या, इन्शुरन्ससकट. इलेक्ट्रिकचा इन्शुरन्स बऱ्याचदा जड असतो. सर्व्हिसिंग मात्र हलकं, ऑइल-फिल्टरचा खर्चच नाही.

तुमचं कॉलेज वर्षातले दहा महिने धरू. २०,००० किलोमीटर, ९० हजारांची बचत. साडेतीन लाखांचा फरक चार वर्षांच्या आत भरून निघतो. कर्ज काढणार असाल तर या साडेतीन लाखांपुरता ९ टक्क्यांनी सात वर्षांचा हप्ता ५,६०० च्या घरात येतो. बचत बारा महिन्यांवर वाटली तर महिन्याला साडेसात हजार. म्हणजे पहिल्या महिन्यापासून हात वरच राहतो. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, आणि तुमच्या वेगानं दोन्ही एकाच वेळी संपतात. तोवर फरक दुपटीनं वसूल झालेला असेल.

हेच पत्र परभणीतल्या परभणीत, दवाखाना-बाजार-शाळा एवढंच, महिन्याला ७०० किलोमीटर फिरणाऱ्या कुणाचं असतं, तर मी घेऊ नका म्हणालो असतो. त्यांची १०० युनिटं सव्वाअकराच्या टप्प्यातच मावतात, १,३०० रुपयांत काम होतं, पेट्रोलला ४,६०० लागले असते. महिन्याला ३,३०० वाचणार आणि फरक भरून निघायला नऊ वर्षं. प्रति किलोमीटर वीज त्यांना तुमच्यापेक्षाही स्वस्त पडते, तरी गाडी परवडत नाही. लोक किलोमीटरच्या दरावर भांडत बसतात, आणि निकाल लागतो तो महिन्याच्या किलोमीटरवर.

आता मामांचा, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा, शेतातला बेत. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला बिल नाही, हे खरं. पण ती वीज पंपाला माफ आहे, कारला नाही. शेतीच्या जोडणीवर गाडी चार्ज करणं म्हणजे मंजूर कारणाखेरीज दुसऱ्याच कामाला वीज वापरणं. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीनं होते. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी बेत जमत नाही. शेतीला वीज ठरावीक तास, कधी दिवसा कधी रात्री. शेजारचे चार पंप सुरू झाले की व्होल्टेज इतकं खाली येतं की मोटार घुरघुरत राहते. अशा लाइनवर गाडीचा चार्जर स्वतःहून बंद पडतो आणि पुन्हा लावायला तुम्हालाच बांधावर जावं लागतं. ८० किलोमीटरचं रोजचं रनिंग रविवारच्या एका चार्जिंगवर आठवडाभर चालतही नाही.

फुकट विजेची हौस असेल तर ती गच्चीवर भागते. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या पॅनलला ७८ हजारांची सबसिडी आहे. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात १ किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिटं देतो. ३ किलोवॅटची महिन्याला ३५० च्या आसपास होतात. आषाढ-श्रावणात कमी, फाल्गुन-चैत्रात जास्त. तुमचं घर आणि गाडी मिळून ४२५. नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते, आणि गंमत अशी की ही वजाबाकी वरून सुरू होते. आधी पंधराची युनिटं उडतात, मग सव्वाअकराची. शेवटी ७५ युनिटं उरतात, तीही सहाच्या टप्प्यात. साडेपाच हजारांचं बिल स्थिर आकार सोडला तर पाच-सव्वापाचशेवर येतं. सबसिडी वजा जाता सोलरला लाख-सव्वालाख लागले तरी ते दोन-सव्वादोन वर्षांत सुटतात. गाडी नसताना हाच सोलर तुम्हाला इतका लवकर परवडला नसता, कारण १४० युनिटांच्या घरात उडवायला महाग युनिटं फारशी नव्हतीच.

महावितरणकडे ईव्ही चार्जिंगची वेगळी वर्गवारी आहे आणि त्यासाठी घरी वेगळा मीटरही मागता येतो. त्याचा दर घराच्या वरच्या टप्प्यांपेक्षा खाली असतो, पण त्याला त्याचा मागणी आकार असतो, वायरिंग वेगळं करावं लागतं. साडूंना मी हा मार्ग सांगेन. तुम्ही सोलर करणार असाल तर दोन मीटरांचा पसारा मांडू नका.

रात्री चार्ज केली तर वीज स्वस्त पडते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण शोरूममध्ये कुणीतरी सांगेलच. घरगुती मीटरवर तसं नाही. उलट, नवे टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारे मीटर, बसलेल्या घरगुती ग्राहकांना २०२५ च्या दर आदेशापासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली आहे. त्या वेळेत तुमची गाडी गंगाखेडला कॉलेजच्या आवारात उभी. तेव्हा सवलत फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी घ्या, बाकी रात्री लावा आणि झोपा.

लावण्याआधी मात्र एका गोष्टीवर हात आखडू नका. गाडीबरोबर मिळणारा चार्जर साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लागतो आणि सात-आठ तास सलग ३ किलोवॅटच्या आसपास ओढतो. गीझर एवढं ओढतो, पण वीस मिनिटं. तुमच्या घरातली कुठलीही वस्तू रात्रभर एवढी वीज ओढत नाही. जुन्या वायरिंगवर हॉलमधल्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून अंगणात चार्जिंग केलं की पिन गरम होते, सॉकेटचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, मग काळं. मीटरपासून थेट ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढा, तिला स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) द्या. बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो बघा. एक-दोन किलोवॅट असेल तर वाढवून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो.

आणि अर्थिंग. परभणीच्या काळ्या मातीत हे प्रकरण वेगळंच आहे. पावसाळ्यात अर्थिंग उत्तम लागतं. मार्चनंतर तीच माती भेगाळते, खड्ड्यातल्या मीठ-कोळशातला ओलावा जातो, पाइप मातीपासून सुटतो. पंखे-दिवे चालूच राहतात, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो. ते मिळालं नाही की लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. मग फोन शोरूमला, शोरूमचा माणूस येतो, त्याच्या वर्कशॉपमध्ये तोच चार्जर मुकाट्यानं चालतो. घरात खड्डा जुना असेल तर नवा करून घ्या, वायरमनला मीटर लावून न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज दाखवायला सांगा, आणि उन्हाळाभर आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी त्या खड्ड्यात ओता.

संभाजीनगरची फेरी राहिली. पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. लहान बॅटरीची, २५ युनिटांची गाडी हायवेला युनिटमागे साडेसहा किलोमीटर धरली तर दीडशे-एकशे साठ जाते. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलं, आणि ते थांबणं जालन्यात करा. तिथून पुढचं अंतर थोडं उरतं. फास्ट चार्जरवर जीएसटीसकट युनिटला २० ते २५ रुपये पडतात. किलोमीटरला तीन ते पावणेचार रुपये. हायवेवर पेट्रोल गाडी १८ चं ॲव्हरेज देते, तेव्हा फरक उरतो दोन ते पावणेतीन रुपयांचा, आणि पाऊण तास वेगळा जातो. रोज फास्ट चार्जरवर अवलंबून राहणाऱ्यानं सीएनजी घ्यावी, हिशोब सारखाच बसतो. तुमच्यासाठी ही वर्षातली चार-सहा वेळची गोष्ट आहे. चार्जरच्या दोन कंपन्यांची ॲप आदल्या दिवशीच मोबाइलवर घेऊन त्यात थोडे पैसे टाकून ठेवा. जालन्याच्या उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघण्याइतकं वैतागवाणं काही नाही.

यावरून गाडी कोणती तेही ठरतं. मोठ्या बॅटरीचं मॉडेल घेतलं की संभाजीनगरची ती एक फेरी न थांबता होते, आणि त्यासाठी लाखभर रुपये जास्त जातात. रोजच्या ८० किलोमीटरला २५ युनिटांची बॅटरी पुरून उरते. एखाद्या रात्री लाइट गेली तरी दुसऱ्या दिवशीचं कॉलेज होतं. लहान बॅटरी घ्या आणि तो लाख रुपया गच्चीवरच्या सोलरला लावा.

सूर्यघरचा अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्याच नावानं करावा लागतो, सबसिडीही त्याच्याच बँक खात्यात येते. तुमच्या घरी म्हणजे मामांच्या. सही त्यांची लागणार आहे, तेव्हा शेतातल्या फुकट विजेचा बेत मोडताना जरा सांभाळून.